हायड्रॉलिक मेकॅनिक: एक कसब आणि त्याची दुसरी शाळा

हायड्रॉलिक यंत्रणेतला दोष शोधणे हे मेकॅनिकच्या कामांपैकी बहुधा सर्वांत फसवे काम आहे, कारण जे काही घडते ते पोलादाच्या आत घडते. गिअरचा दात तुटला की झाकण उघडताच दिसतो, पट्टा घसरला की आवाज येतो. पण व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांड्याभोवती, म्हणजे स्पूलभोवती, काही मायक्रॉनची झीज झाली, तर मशीन फक्त मंद होते आणि ऑइल तापते. म्हणूनच या धंद्यात प्रशिक्षणाच्या दोन पायऱ्या पडल्या. पहिली नवशिक्यासाठी असते: पंप म्हणजे काय, सिलिंडर कसा चालतो, होज कसा बसवायचा. दुसरी पायरी दहा-पंधरा वर्षे याच कामात घालवलेल्या माणसासाठी असते. तो पंप उतरवून बसवू शकतो, सील किट डोळे मिटून बदलतो. मात्र सर्किटचा नकाशा समोर ठेवला की अडखळतो. ही दुसऱ्या टप्प्याची शिकवणी कारखान्यांना आणि सरकारांना का उभी करावी लागली, हे हायड्रॉलिक तंत्राच्या वाटचालीतच दडलेले आहे.

या विद्येचे तत्त्व जुने आहे. ब्लेझ पास्कालने द्रवांच्या समतोलावर लिहिलेला निबंध त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. बंदिस्त द्रवाला एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो आणि त्यामुळे लहान दट्ट्यावरच्या थोड्या बळातून मोठ्या दट्ट्यावर मोठे बळ मिळवता येते, हे त्यात स्पष्ट मांडले होते. तरी त्यावर चालणारे कामाचे यंत्र बाजारात यायला सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. सगळे घोडे गळतीपाशी अडले होते. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या फटीत सुतळीचे पॅकिंग सैल भरले तर पाणी निसटे. घट्ट भरले तर दट्ट्या जागचा हलत नसे.

लंडनमध्ये कुलुपे बनवणाऱ्या जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले तेव्हा हाच प्रश्न त्याच्यापुढे होता. उत्तर निघाले ते त्याच्या कार्यशाळेतून. कमावलेल्या चामड्याचे एक कडे, ज्याची कड पाण्याच्या दाबानेच फुगून दट्ट्याला चिकटते. दाब वाढला की पकड वाढते, दाब गेला की कडे ढिले होऊन दट्ट्या मोकळा होतो. या कल्पनेचे श्रेय बहुतेक इतिहासकार ब्रामाच्या हाताखालच्या हेन्री मॉड्स्लीला देतात. मॉड्स्ली वयाच्या अठराव्या वर्षी तिथे लागला होता. आठवड्याला तीस शिलिंगांहून जास्त पगार मागितला आणि तो नाकारला गेला, तेव्हा १७९७ मध्ये त्याने नोकरी सोडून स्वतःचे वर्कशॉप काढले. पुढे इंग्लंडमधल्या कितीतरी नामांकित यंत्रकारांचे हात तिथेच घडले. पास्कालच्या सूत्राला व्यवहारात आणणारी सुधारणा बाकावर काम करणाऱ्या माणसाला सुचली, ही गोष्ट पुढच्या सगळ्या कहाणीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. आजच्या यू-सीलमध्येही तेच तत्त्व आहे. चामड्याची जागा फक्त रबराने आणि पॉलियुरेथेनने घेतली.

त्या काळी या कामाची वेगळी शाळा नव्हती. मुलगा उमेदवार म्हणून लागे, वर्षानुवर्षे एका कारागिराच्या हाताखाली राही आणि चामडे कोणते घ्यायचे, तेलात किती वेळ भिजवायचे, साच्यात कसे दाबायचे हे बघून बघून शिके. पुस्तकी शिक्षणाची सोय करण्यासाठी १८२३ मध्ये लंडनमध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन निघाली. दिवसभर राबलेल्या कारागिरांना संध्याकाळी भौतिकशास्त्र आणि भूमिती शिकवायची, असा तिचा बेत होता. तिच्यासारख्या संस्था इंग्लंडभर पसरल्या, पण त्यांतल्या पुष्कळ संस्थांमध्ये कारागिरांपेक्षा कारकूनच जास्त दिसू लागले. दमलेल्या माणसाला त्याच्या रोजच्या कामाशी न जुळणारी व्याख्याने ऐकवून भागत नाही, हा अनुभव तिथे पहिल्यांदा आला.

१८४९ च्या ऑगस्टमधल्या एका अपघाताने या धंद्याला एक कायमचा नियम दिला. वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीवर ब्रिटानिया पुलाच्या लोखंडी नळ्या पाण्यावरून उचलून मनोऱ्यांवर चढवायच्या होत्या. एकेक नळी दीड हजार टनांच्या आसपासची. हायड्रॉलिक प्रेस ती इंचाइंचाने वर नेत असताना एका प्रेसच्या ओतीव लोखंडी सिलिंडरचा तळ फुटून खाली पडला. नळी मात्र थोडीशीच खाली बसली. कारण मुख्य अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन याने नळी जसजशी वर जाईल तसतसा तिच्याखाली आधार भरत जाण्याचा हुकूम दिला होता. उचललेले ओझे नुसत्या द्रवाच्या भरवशावर सोडायचे नाही, हा नियम आज जेसीबीच्या बूमखाली शिरण्याआधी लोखंडी टेकू लावायला सांगणाऱ्या प्रत्येक वर्गात शिकवला जातो. तो पाळला न गेल्याने होणारे अपघात मात्र थांबलेले नाहीत.

हायड्रॉलिक शक्तीला धंद्याचे रूप दिले ते विल्यम आर्मस्ट्राँगने. तो व्यवसायाने न्यूकॅसलचा वकील होता. १८४६ मध्ये त्याने शहराच्या नळाच्या पाण्यावर चालणारी क्रेन धक्क्यावर उभी केली आणि पुढच्याच वर्षी एल्सविक इथे कारखाना सुरू केला. नळाचा दाब अपुरा पडतो आणि सारखा कमीजास्त होतो, ही त्यातली मेख होती. ग्रिम्सबीच्या गोदीत त्यावर उपाय म्हणून तीनशे फुटांहून उंच मनोरा बांधून त्यात पाण्याची टाकी बसवली गेली. मनोरा देखणा होता, आजही उभा आहे. पण प्रत्येक बंदरात असा मनोरा बांधणे कोणाला परवडणार? मग आर्मस्ट्राँगने संचयक आणला. एक उभा सिलिंडर, त्यात जाड दट्ट्या, आणि दट्ट्याच्या माथ्यावर लोखंड किंवा दगडगोटे भरलेले प्रचंड ओझे. वाफेच्या इंजिनाने पाणी भरले की ओझे वर चढे. क्रेन चालल्या की ते सावकाश उतरे. दाब चौरस इंचाला सहाशे-सातशे पौंडांवर जवळपास स्थिर राही.

संचयकाचा एक फायदा असा की यंत्रणेची तब्येत लांबून दिसे. सगळ्या क्रेन बंद असताना ओझे खाली सरकताना दिसले की कुठेतरी गळती आहे हे गेजशिवाय कळे. गळती सापडायलाही वेळ लागत नसे. पाणी जमिनीवर येई, भिंतीवर ओल धरे. त्या पिढीच्या फिटरचे ज्ञान डोळ्यांत आणि बोटांत होते. चामडी कडी बदलणे, पाण्यातल्या वाळूने ओरखडलेले पितळी व्हॉल्व्ह घासून बसवणे, हिवाळ्यात नळ गोठू नयेत म्हणून खबरदारी घेणे, अशी त्याची कामे. लंडनमध्ये १८८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या लंडन हायड्रॉलिक पॉवर कंपनीने तर दाबाखालचे पाणी रस्त्यांखालच्या नळांतून घरोघर विकले. ऐन भरात तिचे जाळे सुमारे १८० मैलांचे होते. लिफ्ट, क्रेन, प्रेस, नाट्यगृहांचे पडदे त्यावर चालत. ही कंपनी १९७७ मध्ये बंद पडली, म्हणजे पाण्यावरचे हायड्रॉलिक्स कागदावर मागे पडल्यानंतरही अर्धे शतक टिकले. १८९४ मध्ये खुल्या झालेल्या टॉवर ब्रिजचे उचलते पूलही १९७० च्या दशकापर्यंत पाण्याच्या दाबावरच हलत होते.

महाराष्ट्रात हे तंत्र दोन वाटांनी आले. एक गोदीची. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक आणि १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक सुरू झाली, आणि हायड्रॉलिक क्रेन मुंबईच्या धक्क्यावर नेहमीचे दृश्य झाल्या. दुसरी वाट कापसाची. जहाजाचे भाडे जागेवर ठरत असल्याने गाठ जितकी दाबून लहान करता येईल तितका व्यापाऱ्याचा फायदा. आधी मुंबईत माणसांनी फिरवायचे स्क्रूचे प्रेस होते. त्यांची जागा कुलाब्याच्या बाजूला वाफेवर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसनी घेतली. रेल्वे वऱ्हाडात पोचली तसे हे प्रेस कापसाच्या दारात गेले. खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला. पुढे खामगाव, अमरावती, हिंगणघाट या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि त्यांची धुराडी ही गावाची ओळख बनली.

जिन-प्रेसमधला फिटर हा या भागातला पहिला हायड्रॉलिक मेकॅनिक म्हणता येईल, जरी त्याला तसे कोणी म्हटले नाही. हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे. हंगामात प्रेस एक दिवस बंद पडला तरी फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागे, म्हणून मोठी दुरुस्ती हंगामाबाहेर करायची. मुंबईत १८८७ मध्ये निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्र आणि कापड अभियांत्रिकी शिकवली जाऊ लागली होती, पण तिथून बाहेर पडणारा विद्यार्थी सहसा देखरेखीच्या जागेवर जाई. प्रेसचे पॅकिंग भरणारा माणूस आपल्या मेस्त्रीकडूनच शिके. त्या यंत्रांना तेवढे पुरेसेही होते.

हे सगळे बदलले ते तेलामुळे. अमेरिकेत रेनॉल्ड जॅनी आणि हार्वी विल्यम्स यांनी पाण्याऐवजी तेल वापरून ॲक्सियल पिस्टन पंप आणि मोटर यांची जोडी तयार केली. १९०६ मध्ये ‘व्हर्जिनिया’ या युद्धनौकेच्या तोफा फिरवण्यासाठी ती बसवली गेली. तेल गंजू देत नाही आणि स्वतःच वंगण देते, त्यामुळे पंपाचे भाग एकमेकांना जवळजवळ चिकटून फिरवता येतात. पण तेल पाण्यासारखे वाहून टाकून देता येत नाही. ते टाकीत परत आणावे लागते, गाळावे लागते, थंड ठेवावे लागते. हॅरी व्हिकर्सने १९२० च्या दशकात संतुलित व्हेन पंप आणला आणि पुढच्या दशकात पायलटवर चालणारा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब मर्यादेबाहेर गेला की तेल टाकीत सोडणारा व्हॉल्व्ह. नील्स क्रिस्टेन्सेन या डॅनिश वंशाच्या अमेरिकी संशोधकाला १९३९ मध्ये ओ-रिंगचे पेटंट मिळाले. सिंथेटिक रबर आल्यावर ही साधी गोल कडी तेलातही टिकू लागली, आणि चामड्याची विद्या एका पिढीत निकामी झाली.

इथेच अनुभवी माणसाची पंचाईत झाली. पाण्याच्या यंत्रणेत गळती बाहेर होई; तेलाच्या यंत्रणेत ती आत होते. दाबाखालचे तेल पंपाच्या झिजलेल्या फटीतून किंवा व्हॉल्व्हच्या स्पूलभोवतून निसटून परत टाकीत जाते. जमिनीवर एक थेंब पडत नाही. संचयकासारखे दुरून दिसणारे ओझेही आता नाही. दाब किती, प्रवाह किती, तापमान किती हे मोजल्याखेरीज दोष कळण्याचा मार्ग उरला नाही. ज्याने वीस वर्षे डोळ्यांवर विसंबून काम केले, त्याच्या हातात गेज देऊन त्याला नव्याने विचार करायला लावणे, हे नवशिक्याला शिकवण्याहून अवघड काम होते.

त्याची पहिली मोठी कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. बॉम्बफेकी विमानांची चाके, फ्लॅप, ब्रेक आणि तोफांचे मनोरे हायड्रॉलिक दाबावर चालू लागले होते, आणि ती दुरुस्त करणारी हजारो माणसे थोड्या महिन्यांत तयार करायची होती. मोटार गॅरेजमधून भरती झालेल्या मेकॅनिकांपुढे लाकडी फलकावर खरीखुरी पाइपलाइन मांडली जाई, पंप आणि व्हॉल्व्ह मधोमध कापून आतला मार्ग रंगवून दाखवला जाई. युद्धानंतर नौदल-हवाईदलाच्या या पद्धती कारखान्यांनी उचलल्या. अमेरिकी नौदलाच्या प्रशिक्षणासाठी लिहिलेली हायड्रॉलिक्सची पुस्तके नागरी कारखान्यांतही वापरात राहिली. व्हिकर्स कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस काढलेले फिरत्या यंत्रांच्या हायड्रॉलिक्सचे मॅन्युअल आणि त्यानंतरचे औद्योगिक हायड्रॉलिक्सचे मॅन्युअल यांनी तर एका पिढीला घडवले. त्यांत गणित मोजके आणि चित्रे भरपूर होती, आणि मजकूर मेकॅनिकच्या शंकांच्या क्रमाने लावलेला होता.

याच काळात चिन्हांची भाषा पक्की झाली. आधी प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने सर्किट काढी. एका कंपनीचे नकाशे पाठ असलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या यंत्रापुढे निरक्षर ठरे. अमेरिकी उद्योगांची समान चिन्हे आली, आणि १९७६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १२१९ प्रसिद्ध झाले. वर्तुळात बाहेर रोखलेला काळा त्रिकोण म्हणजे पंप, आत रोखलेला म्हणजे मोटर. तीन चौकोन शेजारी शेजारी म्हणजे तीन स्थितींचा व्हॉल्व्ह. ही चिन्हे दिसायला सोपी आहेत. तरी दुसऱ्या टप्प्याच्या कोणत्याही वर्गात सर्वाधिक वेळ इथेच जातो, कारण चौकोन एकेकटे ओळखणे वेगळे आणि स्पूल सरकल्यावर तेल कोणत्या वाटेने जाईल हे नकाशावर बोट ठेवून सांगणे वेगळे.

यंत्रे कारखान्याबाहेर पडली तसा प्रश्न आणखी पसरला. हॅरी फर्ग्युसनने ट्रॅक्टरच्या मागे नांगर हायड्रॉलिकने उचलणारी तीन बिंदूंची जोडणी आणली आणि १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरमधून ती शेतात पोचली. युद्धानंतर फर्ग्युसनच्या कंपनीने विक्रेत्यांच्या मेकॅनिकांसाठी इंग्लंडमध्ये प्रशिक्षणशाळाही चालवली. फ्रान्समधल्या पोक्लेन कंपनीने १९५० च्या दशकात दोरखंडांऐवजी तेलावर चालणारे खोदयंत्र आणले. १९५३ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ सिरिल बॅम्फर्ड यांनी ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिक खोरे जोडले. तारेच्या दोरांवर चालणारी शॉव्हेल दुरुस्त करणाऱ्यांचा अख्खा धंदा दोन दशकांत मागे पडला. नवी यंत्रे धुळीत, चिखलात, खाणीत चालत, गॅरेजपासून शेकडो मैल दूर. तिथे बिघाडाच्या जागी पोचणारा माणूस एकटा असे आणि चुकीचा पंप उतरवला तर दिवस फुकट जाई.

दूषित तेलाचा अभ्यास हा या काळातला सर्वांत महत्त्वाचा भाग मानायला हवा, आणि अनुभवी मेकॅनिकांना तो पटवणे सर्वांत कठीण गेले. माणसाच्या डोळ्याला साधारण चाळीस मायक्रॉनच्या खालचा कण दिसत नाही. पिस्टन पंपातल्या फटी त्याहून कितीतरी बारीक असतात. म्हणजे जे तेल स्वच्छ दिसते तेच पंप खात असते. ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात अर्नेस्ट फिच यांच्या केंद्राने कणांची संख्या आणि झीज यांचा संबंध मोजण्याच्या पद्धती विकसित केल्या, आणि १९८७ मध्ये तेलाची स्वच्छता आकड्यांत लिहिण्याचे आयएसओ ४४०६ हे मानक आले. बॅरलमधले कोरे करकरीत तेलही थेट टाकीत ओतण्याइतके स्वच्छ नसते, ते फिल्टरमधून भरायचे, हे सांगितले की वर्गात आजही भुवया उंचावतात.

सुरक्षेचे धडे मोठी किंमत मोजून आले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेल इथल्या खाणीत पिंजऱ्यात नीट न बसलेल्या वाघिणीने वर जाताना तेलाची नळी आणि विजेच्या तारा एकदमच तोडल्या. फवारलेल्या तेलाने पेट घेतला. २६२ खाणकामगार मृत्यू पावले, त्यांतले निम्म्याहून अधिक इटलीतून आलेले. त्यानंतर युरोपात खाणींसाठी सहज पेट न घेणाऱ्या द्रवांच्या कडक चाचण्या ठरल्या. द्रव बदलला की सील, रंग, पंपाचा वेग सारेच बदलावे लागते, त्यामुळे हाही दुसऱ्या टप्प्याच्या अभ्यासक्रमाचा धडा झाला. दुसरा धोका दिसायला क्षुल्लक आहे. होजला पडलेल्या सुईएवढ्या भोकातून निघालेली तेलाची धार कातडीतून आत घुसते. वर फक्त टोचल्याचा ठिपका दिसतो, आत बोटाचे मांस मरत असते, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट गमवावे लागू शकते. होजवरून हात फिरवून गळती शोधणे ही जुन्या मेकॅनिकांची सवय. पुठ्ठा किंवा लाकडाचा तुकडा वापरायचा, हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. ओझ्याऐवजी नायट्रोजन भरलेल्या नव्या संचयकाचा दाब मशीन बंद झाल्यावरही आत राहतो, आणि त्यात नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन भरला तर स्फोट होतो, हेही त्याच यादीत येते.

स्वतंत्र भारतात धरणे, पोलाद कारखाने आणि खाणींबरोबर ही यंत्रे आली. १९५० मध्ये केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, आयटीआयचे जाळे पसरले, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांवर उमेदवार घेण्याची जबाबदारी आली. पुण्यात टेल्कोसारख्या कारखान्याने आपला प्रशिक्षण विभाग उभारण्यावर सुरुवातीपासून भर दिला. आयटीआयच्या ‘मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स’ या ट्रेडमध्ये हायड्रॉलिक्सचा अंतर्भाव होता. पण ही सारी व्यवस्था सोळा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी होती. तिशी-चाळिशीतल्या, कामावर असलेल्या माणसाने कुठे जायचे?

या प्रश्नाला सरकारी उत्तर १९७७ मध्ये मिळाले. संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या मदतीने केंद्राने प्रगत व्यावसायिक प्रशिक्षण योजना आणली. सहा प्रगत प्रशिक्षण संस्था तिच्या केंद्रस्थानी होत्या, त्यांत मुंबईच्या शीव भागातली संस्थाही होती. शिवाय काही निवडक आयटीआय. कारखाना आपल्या कामगाराला काही आठवडे पाठवी आणि तो एकच विषय खोलात शिकून परत जाई. तुकड्यातुकड्यांची ही रचना नोकरदार माणसाला सोयीची होती, कारण वर्षभराची रजा कोणी देत नाही. हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक नियंत्रण हा असा एक विषय. जोडीला कंपन्यांचेही वर्ग होते. जर्मनीत फेस्टो १९६० च्या दशकापासून प्रशिक्षण संच विकत होती, रेक्स्रोथने आपली पाठ्यपुस्तके काढली होती, आणि भारतात पंप-व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांच्या देखभाल विभागांसाठी तेच केले. बेळगावात १९८० च्या दशकापासून हायड्रॉलिक व्हॉल्व्ह आणि पंप बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची वस्तीच झाली. पॉलिहायड्रॉन हे त्यातले सर्वांत ठळक नाव.

कारखान्याबाहेरचे चित्र वेगळे राहिले. एल अँड टीने पोक्लेनच्या सहकार्याने खोदयंत्रे बनवली. १९७९ मध्ये एस्कॉर्ट्स आणि जेसीबीचा बल्लभगडचा प्रकल्प आला, पुढे पुण्याजवळ तळेगावलाही जेसीबीचा कारखाना झाला. पोकलेन आणि जेसीबी गावोगाव पोचले, तसे त्यांचे मेस्त्रीही तयार झाले. बहुतेक हेल्पर म्हणून लागलेले, उस्तादाच्या शिव्या खात शिकलेले. सिलिंडरला ते जॅक म्हणतात, आणि कोणत्या मॉडेलला कोणते सील किट लागते हे त्यांना कॅटलॉगशिवाय सांगता येते. या माणसांचे कसब कमी लेखण्यात अर्थ नाही; रानात, टॉर्चच्या उजेडात ट्रॅव्हल मोटर उघडून बसवणारा माणूस कोणत्याही वर्गात तयार होत नाही. मात्र त्यांची निदानाची पद्धत बहुधा एकच असते: संशय असलेला भाग बदलून पाहायचा. पंपाची किंमत लाखांत गेली तेव्हा ही पद्धत मालकाला परवडेनाशी झाली.

दुसऱ्या टप्प्याचा वर्ग नेमका इथे बोट ठेवतो. सुरुवात बहुतेक ठिकाणी एकाच वादाने होते: पंप प्रेशर देतो की नाही? पंप फक्त प्रवाह देतो. प्रेशर तयार होते ते पुढच्या अडथळ्यामुळे. हे एकदा पटले की लक्षणे वेगळी करता येतात. मशीन ओझे उचलते पण सावकाश, तर प्रवाह कमी पडतो आहे. वेगाने हलते पण ओझे येताच थांबते, तर दाब तयार होत नाही. सर्रास सवय अशी की मशीन मंद झाले की रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळायचा. त्याने वेग वाढत नाही. होज आणि पंपावरचा ताण मात्र वाढतो. म्हणून दाबाच्या गेजसोबत फ्लोमीटर जोडून, ओझे वाढवत वाढवत प्रवाह किती घटतो ते पाहायला शिकवले जाते. पिस्टन पंपाच्या केस ड्रेनमधून, म्हणजे आत झिरपलेले तेल टाकीत नेणाऱ्या नळीतून, मिनिटाला किती तेल परत येते ते मोजले की पंप न उघडता त्याची झीज कळते. सुट्या मापक काचेत तेल धरून घड्याळ लावायचे, इतकी साधी ही चाचणी आहे, पण ती करणारे मेकॅनिक अजूनही थोडेच.

जॅक हळूहळू खाली बसण्याचे उदाहरण अनुभवी मंडळींना सर्वांत जास्त चकवते. बूम रात्रीतून खाली आला की पिस्टनचे सील गेले, असे ठरलेले उत्तर असते. पण रॉड वरच्या बाजूला असलेल्या उभ्या जॅकची दोन्ही तोंडे खरोखर बंद असतील, तर नुसते सील फाटून तो फारसा खाली येऊ शकत नाही. खालच्या कप्प्यातून निघालेल्या सगळ्या तेलाला वरच्या कप्प्यात जागा नाही, कारण तिथली काही जागा रॉडने व्यापलेली आहे. तेल अडते आणि आतला दाब वाढतो. बूम खाली येतो याचा अर्थ तेल जॅकच्या बाहेर जात आहे, म्हणजे आधी व्हॉल्व्ह तपासायला हवा. हे फळ्यावर काढून दाखवल्यावर वर्गात वाद होतो, आणि तो मिटवायला प्रशिक्षण संचावर जॅकचे सील काढून प्रत्यक्ष दाखवण्याखेरीज गत्यंतर नसते.

याच्या पुढे लोड सेन्सिंग येते. जुन्या यंत्रांत पंप सतत पूर्ण प्रवाह देई आणि नको असलेला टाकीत परत जाई. नव्या यंत्रांत बदलत्या प्रवाहाचा पिस्टन पंप ओझ्याच्या दाबाची खबर एका बारीक नळीतून घेतो आणि त्याहून जेमतेम वीस-पंचवीस बार जास्त ठेवून गरजेपुरतेच तेल देतो. ती बारीक नळी तुंबली की धडधाकट पंपही मेल्यासारखा वागतो. असे कितीतरी चांगले पंप ‘गेले’ म्हणून भंगारात गेले असतील. आजच्या खोदयंत्रात दाब साडेतीनशे बारच्या घरात असतो, म्हणजे लंडनच्या रस्त्यांखालच्या पाण्याच्या सहापट.

१९५० च्या दशकात अमेरिकेत बिल मूग यांनी विमाने आणि क्षेपणास्त्रांसाठी सर्व्हो व्हॉल्व्ह व्यवहारात आणला. १९७० च्या दशकापासून स्वस्त प्रपोर्शनल व्हॉल्व्ह कारखान्यांत आणि नंतर फिरत्या यंत्रांत आले. स्पूल आता विजेच्या प्रवाहाने इंचाच्या अंशाइतका सरकतो आणि हुकूम कंट्रोलर देतो. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या अभ्यासक्रमात मल्टिमीटर, सेन्सरचे व्होल्टेज आणि फॉल्ट कोड वाचणे शिरले. कंट्रोलरच्या पडद्यावर कोड दिसला की सेन्सर बदलायचा, अशी जुन्या भागबदलीची नवी आवृत्ती लगेच तयार झाली आहे, आणि वर्गातला बराच वेळ ती मोडण्यात जातो: आधी टेस्ट पोर्टला गेज लावून खरा दाब पाहायचा, मग सेन्सर काय सांगतो त्याच्याशी ताडायचा. शेवटची परीक्षा बहुतेक ठिकाणी लेखी नसते. प्रशिक्षक संचावर किंवा मशीनवर एखादा दोष मुद्दाम पेरतो, नकाशा आणि मोजमापाची साधने देतो, आणि एकही भाग न उघडता दोष कुठे आहे ते सांगायला लावतो.